देवचंद एक खबर नेत नसे

मला माणूस पटकन पटत नाही. हा माझा स्वभावच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघतो, एसटीचं तिकीट कंडक्टर पुढे सरकायच्या आत वाचून काढतो, आणि वर्गात पोराने पोट दुखतं म्हटलं की कुठे, कसं, कधीपासून असे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला घरी सोडत नसे. पस्तीस वर्षं मास्तरकी केली. आधार गुरुजींना, म्हणजे मला, कुणी बनवू शकत नाही, अशी शिंदखेडा तालुक्यात माझी ख्याती होती आणि मला तिचा चांगलाच अभिमान होता.

देवचंद याकोब गेल्या उन्हाळ्यात धरणगावला वारला. त्याच्या ख्रिस्ती मंडळीतला एक माणूस माझ्याकडे आला आणि म्हणाला, गुरुजी, तुमचा त्यांचा पुष्कळ वर्षांचा संबंध, आठवणीच्या सभेत वाचायला दोन ओळी लिहून द्या. मी बरं म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा कळलं की जे लिहायला हवं ते सभेत वाचण्यासारखं नाही. त्यांना मी चार गोड ओळी दिल्या. खरं आहे ते हे.

देवचंदला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या बहिणीच्या घरात, १९८३ साली. सुगंधा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. धरणगावला दिलेली, नवरा कापसाच्या जिनात कामाला. तिच्या पोराला विषमज्वर झाला होता आणि ताप एकवीस दिवस उतरला नव्हता. मी भेटायला गेलो, तर पोराच्या उशाशी एक बुटका माणूस डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता आणि सुगंधा, माझ्या बापाची मुलगी, पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसली होती. माझं डोकं सणकलं. आम्ही बौद्ध. आमच्या बापाने सत्तावन साली भर गावात उभं राहून जुने देव नदीत सोडले, ते काय पोरीने दुसऱ्याचा देव घरात घ्यावा म्हणून? मी दारातूनच फिरलो. पाणीसुद्धा घेतलं नाही. गल्लीतली माणसं ऐकत होती तरी म्हणालो, "बापाच्या नावाला काळं फासलंस. आता माझ्या दाराशी येऊ नको."

सुगंधा माझीच बहीण. तिनेही उलट सांगितलं, "दादा, तू बलावशी तवयच ईसू." तू बोलावशील तेव्हाच येईन. पोरगा बरा झाला, पण मी बोलावलं नाही.

आमची माय, मंजुळाबाई, माझ्याकडे बोरटेकला राहायची. तिला त्यानंतर एकच हवं होतं: पोरीचं तोंड बघायचं. ती ते बोलायची नाही. माझ्यापुढे सुगंधाचं नाव घेतलं की मी ताटावरून उठतो हे तिला माहीत होतं. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, गावात घरोघरी लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले, की माय दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायची. आम्ही सण सोडले होते, पण लेकींचं येणं कुणी सोडलं नव्हतं. मला ते दिसत होतं. मी निबर होतो, आंधळा नव्हतो.

आणि चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तो बुटका माणूस आमच्याच गावात उगवला.

धरणगावहून पॅसेंजरने शिंदखेड्याला यायचा. स्टेशनाजवळच्या पंक्चरवाल्याकडे त्याची सायकल ठेवलेली असायची. ती काढून नऊ किलोमीटर हाणत बोरटेकला. पँटच्या पायाला रबर, कॅरिअरला पत्र्याची पेटी, खांद्याला खंजिरी. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी दुपारी ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली उभा राहून गाणं म्हणायचा. गळा अगदीच बेताचा. मग काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून बोलायचा, आणि बोलताना त्याची भाषा एकदम बदलायची. एरवी आमच्यासारखीच खान्देशी बोलणारा माणूस तिथे 'हे प्रियजनहो' आणि 'मी तुम्हांस खचित सांगतो' असं सुरू करायचा. ऐकायला दोन म्हातारे, चार बायका आणि बांधून ठेवलेली एक शेळी.

गावात त्याच्याबद्दल काय काय बोललं जायचं! निंबा नावाचा एक शेतकरी शपथेवर सांगायचा की एक माणूस बाटवला की ह्याला अमेरिकेतून एक रेडिओ येतो, पेटीत तेच असतात. पेटीत पुस्तकं आणि एक टॉवेल होता, पण निंबाला ते कोण सांगणार? "हाऊ एक दिन बठ्ठं गाव बाटाडी टाकी, देखज्या तुम्ही," सगळं गाव बाटवील हा, असं तो पारावर म्हणायचा. आमच्या वस्तीत वेगळा राग होता. देवचंदचा आजा आमच्याच जातीतला, म्हणजे घरचाच माणूस परक्या गल्लीत घुसलेला.

माझा संशय मात्र हिशेबी होता. साडेतीन वर्षांत बोरटेकमधला एकही माणूस वळला नाही. आसपासच्या पाच गावांत जरा लोक ऐकायचे, तिथे तो महिन्यातून एकदा जायचा. आमच्याकडे कुणी उभं करत नव्हतं, तरी दर पंधरवड्याला हजर. का? आणि निंबाखालचं आटोपलं की मी शाळेत असतानाच्या वेळात माझ्या ओट्यावर येऊन मायजवळ बसतो, हे मला शेजारच्या सुंदरबाईने सांगितलं. बहीण नेली, आता माय न्यायला आला, असा मी सरळ अर्थ लावला.

मी मायला विचारलं. तिने भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, "म्हातारी बाईसंगे दोन शब्द बोलना तो. तुनं काय गयं?"

मग मी त्यालाच गाठायचं ठरवलं. एका मंगळवारी अर्धी रजा टाकली आणि निंबाखाली जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही पाद्री का?" मी विचारलं.

"नाही गुरुजी. पाद्री एका ठिकाणी राहतो. त्याचं देऊळ असतं, मंडळी असते. लग्न लावणं, बाप्तिस्मा देणं, ही त्याची कामं. मी सुवार्तिक. सु म्हणजे चांगली, वार्ता म्हणजे खबर. चांगली खबर घेऊन फिरणारा."

शब्द इतका गोड असला की मी आधी त्याची मागची बाजू बघतो. त्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या शिबिरासाठी धुळ्याला होतो. तिथे व्याख्यानाला आलेल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांना मी चहाच्या वेळी धरलं. त्यांनी पाकिटाच्या मागे लिहून समजावलं. इंग्रजांचा शब्द इव्हँजेलिस्ट. तो आला ग्रीकांकडून, आणि ग्रीकांकडे तो ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधीपासून होता. त्याचा तेव्हा धर्माशी संबंध नव्हता. लढाई जिंकली की रणावरून एक माणूस धावत नगरात यायचा आणि सांगायचा, जिंकलो. ती आनंदाची खबर आणणाऱ्याला जे बक्षीस मिळायचं, त्या बक्षिसालाच आधी तो शब्द होता. मग तो खबरीला लागला. पुढे ख्रिस्ती लोकांनी तो आपल्या संदेशासाठी उचलला आणि संदेश घेऊन गावोगाव हिंडणाऱ्याला त्यावरून नाव पडलं. आपल्याकडे भाषांतर करणाऱ्यांनी संस्कृतातून 'सुवार्ता' घेतलं, आणि सेनेचा सैनिक तसा सुवार्तेचा सुवार्तिक.

मला हवं ते सापडलं होतं. पुढच्या खेपेला मी देवचंदला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या शब्दाचा मूळ अर्थ बक्षीस आहे, माहीत आहे का? खबरीच्या आधी बक्षीस! आता सांगा, तुम्हाला काय मिळतं?"

तो खूश झाला. खरंच खूश झाला, मला वाटलं होतं चिडेल. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "मला तर चहा मिळतो, गुरुजी. तोही तुमच्या घरी मिळत नाही."

लोक हसले. मला हसू आलं नाही. तो खंजिरी पेटीवर ठेवून म्हणाला, "माझा आजापण खबरच न्यायचा. मौतीची."

हे काय काम होतं ते आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. पण आता नव्या पोरांना ठाऊक नाही म्हणून लिहितो. गावात मोठ्या घरी मौत झाली की सोयऱ्यांच्या गावी खबर पोचवायची ती महाराने. ऊन असो, चिखल असो, सांगितलं की निघायचं. दहा कोस चालून जायचं, घरापासून लांब उभं राहून ओरडून सांगायचं आणि शिळी भाकर घेऊन परत फिरायचं. माझ्या बापाने, झुलालने, धम्म घेतल्यावर हे काम टाकलं. पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा बाप म्हणाला, "आते आमना पाय आमना शेत." आता आमचे पाय आमचे आहेत. त्या एका वाक्यापायी गावाने आमचं गिरणीतलं दळण आणि शेतातलं काम तीन महिने बंद केलं. माय जात्यावर बाजरी दळायची आणि जातं नव्हतं त्यांनाही दळून द्यायची. दुसऱ्याचा निरोप नेणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही.

देवचंदच्या आजाने ते काम मरेपर्यंत केलं होतं. एकदा एका घरी तरण्या मुलाची खबर सांगितली, तर त्या मुलाच्या आईने चुलीतलं जळकं लाकूड त्याला फेकून मारलं. कपाळाला डाग राहिला. "त्याने काय केलं होतं?" देवचंद म्हणाला. "चालत गेला होता, एवढंच."

आणि तरीही हा माणूस निरोप न्यायचा! मला ते तेव्हाच कळलं, आणि माझा संताप झाला. ह्या गावचं त्या गावाला सांगत हिंडायचा. तुमची लेक बाळंत झाली, मुलगा झाला. तुमचा हरवलेला गोऱ्हा अमक्या कोंडवाड्यात आहे. मुलगी पसंत आहे, बोलणी करायला या. मी म्हटलं, "माझ्या बापाने टाकलेलं ओझं तुम्ही हौसेने उचलता? लाज नाही वाटत?"

"मला कुणी धाडत नाही, गुरुजी. मीच विचारतो, काही सांगायचंय का म्हणून. माझी सुवार्ता लोक ऐकत नाहीत, मग निदान त्यांची तरी सांगतो." मग खान्देशीत म्हणाला, "पन मौतनी खबर मी लई जात नही. कोनीबी सांगो. एवढी एक सोडीसन." मौतीची तेवढी खबर मी नेत नाही.

मला ते नाटकी वाटलं. चांगुलपणाला नियम लावणारी माणसं मला नेहमीच जास्त संशयास्पद वाटतात.

त्याच्याकडे एक वही होती. त्यात तो काहीतरी लिहायचा, आणि निंबाच्या मते ती बाटवायच्या माणसांची यादी होती. एकदा तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला तेव्हा वही पेटीवर राहिली. मी उचलली. चोरून वाचली म्हणा. गावाप्रमाणे नावं होती. बोरटेकच्या पानावर पहिलंच नाव निंबाचं: 'निंबा. डावा गुडघा.' पुढे, 'सुंदरबाई. मुलगा सुरतेला, दोन महिने कागद नाही.' अशी पंधरा-वीस माणसं, प्रत्येकापुढे एकेक दुखणं. नंतर कळलं की रात्री झोपण्याआधी तो ही नावं घेऊन प्रार्थना करायचा. मला तेव्हा त्याने माणसांच्या दुखऱ्या जागा हेरून ठेवल्यासारखं वाटलं. आणि सगळ्यात शेवटी होतं, 'मंजुळामाय'. तिच्यापुढे काहीच नव्हतं. कोरं.

सगळ्यांचं लिहिलं आणि माझ्या आईचं लिहिलं नाही. म्हणजे तिच्याबाबतीतला बेत लिहिण्यासारखा नाही. माझी खात्रीच झाली. तो विहिरीवरून आला तेव्हा मी वही त्याच्या हातात दिली आणि सांगितलं की पुन्हा माझ्या ओट्यावर दिसलास तर पोलीस पाटलाकडे नेईन. त्याने मान हलवली. सुंदरबाईच्या सांगण्यानुसार पुढच्या खेपेला तो मागच्या दाराने आला.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मायने अंथरूण धरलं. आधी ताप, मग अन्न जाईना. शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, वय झालंय, फार दिवस धरू नका, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. कुणाला, ते मला बरोबर कळलं. घरी आलो. मायने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी देवचंद पुढच्या दाराने आला, मी घरी असताना. सायकल भिंतीला लावली आणि उभ्यानेच म्हणाला, "गुरुजी, सुगंधाअक्काला मायचं दुखणं कळलंय. मीच सांगितलं. तिने निरोप दिलाय. दादाने एक शब्द टाकला तर ती उद्याच्या गाडीने निघते."

"तुम्ही तिच्याकडे जाता?" मी विचारलं.

"मी धरणगावचाच आहे. तिच्यापासून दोन गल्ल्या." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. चौऱ्याऐंशी साली सुगंधानेच त्याला विचारलं होतं, तुम्ही तिकडे फिरता, माझी माय कशी आहे एवढं बघून सांगाल का? तेव्हापासून तो येत होता. इकडचं तिला सांगायचा, तिकडचं मायला. पोरगा पाचवीत गेला, पोरगा सायकल शिकला, सुगंधाने शिवणयंत्र घेतलं, मायची दाढ पडली, मायला नवा चष्मा लागला. साडेतीन वर्षं माझ्या पाठीमागे माझ्याच ओट्यावर हे चाललं होतं.

"वहीत काही लिहिलं नव्हतं," मी म्हणालो.

"मायनेच लिहू दिलं नाही. म्हणाली, मना आंडोर मास्तर शे, वाची टाकी." माझा मुलगा मास्तर आहे, वाचून टाकील.

इथे मला रडू यायला हवं होतं. आता येतं. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. हा इतकी वर्षं खोटं वागला, मग आज खरं कशावरून? सुगंधा येणार म्हणजे एकटी येईल का? की हा आणि ह्याची माणसं तिच्यामागून येणार, मायच्या उशाशी डोळे मिटून बसणार, आणि ती गेली की तिला आपली म्हणणार? झुलालची बायको त्यांच्या गाण्यांत गेली, असं वस्तीत झालं तर मी तोंड कुठे दाखवू? मी म्हणालो, "शनिवारी या. विचार करून सांगतो."

"शनिवार लांब आहे, गुरुजी."

"शनिवारी," मी म्हणालो.

तो मायला भेटू का विचारत होता. मी नाही म्हणालो. त्याने दारातूनच आत एकदा बघितलं आणि सायकल काढली.

आता मी जे केलं ते माझ्यासारख्या माणसानेच करावं. मी पोस्टात जाऊन धरणगावच्या भटू मास्तरांना कार्ड लिहिलं. ते आमच्यातले, विहाराचं काम बघणारे. 'माझी बहीण सुगंधाबाई प्रार्थनेस जाते काय, घरात क्रूस आहे काय, याची गुप्तपणे चौकशी करून उलट टपाली कळवावे.' अक्षर सुरेख काढलं होतं. त्या कार्डाला लागलेल्या वेळात सुगंधा दोनदा येऊन परत गेली असती. उत्तर आलं ते पुढच्या आठवड्यात, आणि मी ते न वाचता चुलीत घातलं. आजही मला माहीत नाही त्यात काय होतं.

शुक्रवारी माय एकदाच नीट बोलली. "कोनी उनं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, कुणी आलं नाही. तिने कूस बदलली.

शनिवारी सकाळी साडेसातला ती गेली.

वस्ती जमली. त्रिशरण, पंचशील झालं. बायकांनी तिला अंघोळ घातली, पांढरं वस्त्र घातलं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, सुगंधाला कळवलं का? कुणीतरी म्हणालं, तार करा. मी तार लिहायला कागद घेतला आणि हात थांबला. पाच वर्षांनी माझ्याकडून तिला पहिला शब्द जायचा तो पोस्टाच्या शिपायाच्या हातून, आणि तो हा? तेवढ्यात अंगणात सायकल वाजली. शनिवार होता. मी बोलावलं म्हणून देवचंद उत्तर न्यायला आला होता.

त्याने अंगणातली माणसं पाहिली आणि सायकल तशीच आडवी टाकून मायच्या पायाशी जाऊन बसला. डोळे मिटले नाहीत, काही पुटपुटला नाही, नुसता बसला. मी त्याच्याकडे गेलो. आयुष्यात मी कुणापुढे हात जोडले नव्हते. त्याच्यापुढे जोडले.

"देवचंदभाऊ, तुम्ही जा. साडेअकराची गाडी मिळेल. तुम्हीच सांगा तिला. मला नाही जमणार."

तो उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. "गुरुजी, ती खबर मी लई जात नही."

"आजच्या दिवस."

"नाही." मग म्हणाला, "तुम्ही चला. मी घेऊन जातो. पण सांगायचं तुम्हीच."

त्याच्यावर रागवायला मला जागा नव्हती. चांगली खबर त्याने मंगळवारीच माझ्या दाराशी आणली होती. त्याने कॅरिअरवरची पेटी सोडून माझ्या ओट्यावर ठेवली आणि मी तिथे बसलो. पंचेचाळीस वर्षांचा मास्तर, धोतर सावरत, ज्याला पोलिसात द्यायला निघालो होतो त्याच्या सायकलवर. माणसं बघत होती. रस्त्याला खडी पसरलेली होती आणि चढावर त्याला दम लागत होता. मी उतरतो म्हटलं तर म्हणाला, "बसा, गाडी चुकेल."

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. अमळनेर गेल्यावर मी विचारलं, "मायला शेवटचं काय सांगितलं होतंत तुम्ही?"

"मागच्या खेपेला? सांगितलं की सुगंधाअक्का म्हणते, दादाचा राग आता उतरला असेल. एक दिवस तो स्वतः येईल."

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

दोनच्या सुमारास धरणगाव आलं. जिनाच्या मागच्या वस्तीत गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. "चौथं घर. मी इथेच उभा राहतो. मी दिसलो तर तिला वाटेल मायचा निरोप आणला." मी एकटा पुढे गेलो.

सुगंधा ओट्यावर लसूण सोलत बसली होती. केस पिकले होते. तिने वर पाहिलं आणि मांडीवरचं सूप बाजूला टाकलं.

"दादा!"

मी तोंड उघडलं, पण ती मला बोलू देईना. तिने माझे दोन्ही दंड धरले आणि हसत-रडत म्हणाली, "तू सोता लेवाले उना? माले म्हाईत व्हतं, तू ईशी. मी बठ्ठासले सांगे." स्वतः न्यायला आलास? तू येशील, मी सगळ्यांना सांगायचे. मग आत वळून ओरडली, "मामा उना रे, पानी आन!" आणि स्वतःही आत धावली. पेटी उघडल्याचा आवाज आला. आतूनच बोलत होती. गाडी किती वाजता आहे? माय जेवते का? तिला दूधभात कालवून दिला तर खाते, तुम्हाला कुणाला ते जमायचं नाही. ज्याच्या उशाशी मी देवचंदला पाहिलं होतं तो पोरगा आता माझ्या खांद्याला लागत होता. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मला तो घेता येईना.

सुगंधा पिशवी घेऊन बाहेर आली. वर मायसाठी घेतलेलं लुगडं होतं. "चाल," ती म्हणाली.

"सुगंधे," मी म्हणालो, "माय सकाळी गेली."

तिने पिशवी खाली ठेवली नाही. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग दादा, तू माले बलावाले उना, का सांगाले उना?"

"सांगाले," मी म्हणालो.